दम्याचे औषध आणि ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर

(प्रौढांमधील दमा आणि ग्रामीण आरोग्यसेवा या विषयावरील व्याख्यानाचा संपादित पाठ)



दमा एकदा जडला की तो जिवाबरोबरच जायचा, अशी समजूत आपल्या खेड्यापाड्यांत खोलवर रुजलेली आहे. घरात दम्याचा रुग्ण असला की सारे कुटुंब ते प्राक्तन म्हणून स्वीकारते. आभाळ भरून आले की त्याची छाती भरणार, मळणीच्या दिवसांत तो खळ्यावर येणार नाही, थंडीत रात्ररात्र उशीला टेकून बसणार, हे सर्वांनी गृहीत धरलेले असते. त्यातून एखादी रात्र अशी येते की जीप मिळेपर्यंत श्वास टिकत नाही. मग ‘दम्यानेच गेला’ एवढे म्हणून विषय संपतो. ‘का गेला?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. आज विचार करायचा आहे तो याच प्रश्नाचा.

जगातील रोगांच्या भाराचा जो आंतरराष्ट्रीय अभ्यास वेळोवेळी प्रसिद्ध होतो, त्याच्या २०१९ सालच्या आकडेवारीवरून भारतात दम्याचे सुमारे साडेतीन कोटी रुग्ण आहेत. जगातील एकूण रुग्णांपैकी हे प्रमाण सुमारे १३ टक्के भरते. परंतु जगात दम्याने होणाऱ्या एकूण मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू आपल्या देशात होतात. सोप्या भाषेत सांगायचे तर, रुग्ण आठांतला एक आपला आणि मृत्यू मात्र पाचांतले दोन आपले! आपल्याकडचा दमा जात्याच अधिक क्रूर आहे, असे मानायला आधार नाही. हा फरक प्रामुख्याने निदानाचा आणि उपचाराचा आहे. ज्या आजाराचे औषध गेल्या अर्धशतकापासून जगाला ठाऊक आहे, त्या आजाराने माणसे जात असतील, तर ते औषध रुग्णापर्यंत का पोहोचत नाही, याचा शोध घेतलाच पाहिजे.

आजार एक, औषधे दोन प्रकारची

दम्यात श्वासनलिकांच्या आतील अस्तराला दीर्घकाळ दाह असतो. ते अस्तर सुजलेले आणि हळवे झालेले असते. धूळ, धूर, परागकण, थंड हवा, सर्दी-पडसे यांपैकी एखादे निमित्त मिळाले की नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो आणि श्वास कोंडतो. या कोंडण्याला आपण ‘दम्याचा झटका’ म्हणतो. झटका दिसतो, दाह मात्र दिसत नाही. झटका उतरल्यावर माणूस हिंडू-फिरू लागतो, पण आतला दाह तसाच असतो.

म्हणूनच दम्याची औषधे दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार आवळलेले स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा. साल्ब्युटामॉल हे त्यातले सर्वपरिचित नाव. त्याने काही मिनिटांत आराम पडतो आणि काही तासांत त्याचा परिणाम ओसरतो. दुसरा प्रकार दाह शमविणाऱ्या औषधांचा. श्वासावाटे अत्यल्प मात्रेत घ्यायची स्टिरॉइड औषधे, म्हणजे बेक्लोमेथासोन, ब्युडेसोनाइड यांसारखी, या वर्गात मोडतात. त्यांनी लगेच काही जाणवत नाही. पण ती नियमित घेतली तर झटके कमी होतात, रुग्णालयाच्या खेपा कमी होतात आणि मृत्यूचा धोकाही कमी होतो. पहिले औषध आग लागल्यावर पाणी मारते. दुसरे ती आग लागूच नये याची तजवीज करते.

बेक्लोमेथासोनचा पंप ब्रिटनमध्ये १९७२ साली वापरात आला. भारतातील छातीविकारतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०१५ साली संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये श्वासावाटे दिले जाणारे स्टिरॉइड हेच दमा नियंत्रणाचे प्रमुख औषध म्हणून सांगितले आहे. दम्यासाठी काम करणाऱ्या ‘जिना’ या जागतिक मंडळाने २०१९ साली आणखी एक पाऊल पुढे टाकले. प्रौढ रुग्णाला केवळ साल्ब्युटामॉलवर ठेवू नये, आजार सौम्य असला तरी त्याला दाहशामक औषध श्वासावाटे मिळालेच पाहिजे, असे या मंडळाने स्पष्ट सांगितले. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल या दोन औषधांचा एकत्रित पंप झटक्याच्या वेळीही वापरता येतो आणि रोजच्या नियंत्रणासाठीही, ही पद्धत आता प्रौढांसाठी अग्रक्रमाची मानली जाते.

केसपेपरवर काय लिहिले जाते?

आता तालुक्याच्या गावी असलेल्या तीस खाटांच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. सकाळची ओपीडी, बाहेर व्हरांड्यापर्यंत गेलेली रांग, आत एक किंवा दोन वैद्यकीय अधिकारी. पंचेचाळिशीचा एक शेतकरी धापा टाकीत येतो. त्याला ताबडतोब वाफ दिली जाते, गरज पडल्यास ऑक्सिजन लावला जातो, शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन किंवा डेक्सामेथासोनचे इंजेक्शन दिले जाते. अनेक ठिकाणी सोबत डेरिफायलिनचेही इंजेक्शन असते. तासा-दोन तासांत त्याचा श्वास मोकळा होतो. मग केसपेपरवर साल्ब्युटामॉलच्या गोळ्या, थिओफायलिनच्या गोळ्या, एखादे प्रतिजैविक आणि सर्दीची गोळी लिहिली जाते. तीन किंवा पाच दिवसांच्या पुड्या घेऊन तो घरी जातो. दोन-चार आठवड्यांनी पुन्हा हेच घडते. नवा केसपेपर, नवा डॉक्टर, जुनाच आजार.

यात डॉक्टरांनी त्याचा जीव वाचविला, हे आधी कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. वाफ, ऑक्सिजन आणि स्टिरॉइड हे झटक्यावरील योग्यच उपचार आहेत. प्रश्न आहे तो त्यानंतरच्या ओळींचा. त्या केसपेपरवर दाह शमविणारा पंप बहुधा नसतो. म्हणजे आग विझली, पण निखारे तसेच राहिले.

शिवाय जे लिहिले जाते, त्यातलेही सगळे उपयोगाचे नसते. तीव्र झटक्यात शिरेतून अमिनोफायलिन वा थिओफायलिन देऊ नये आणि संसर्गाची ठोस चिन्हे नसतील तर प्रतिजैविक देऊ नये, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. दुसरीकडे, घरी पाठविताना प्रेडनिसोलोनच्या गोळ्या पाच ते सात दिवस देण्याची जी सर्वमान्य रीत आहे, ती मात्र अनेकदा पाळली जात नाही. रुग्ण गिळू शकत असेल तर या गोळ्या इंजेक्शनाइतकाच गुण देतात. पण ‘सुई टोचली म्हणजेच उपचार झाला’ ही आपलीच धारणा असते आणि तिचे ओझे डॉक्टरांवरही पडते.

गोळीचा हिशेब

गोळी आणि पंप यांतील फरक आकड्यांत मांडला तर लवकर ध्यानात येतो. साल्ब्युटामॉलची नेहमीची गोळी ४ मिलिग्रॅमची असते. त्याच औषधाच्या पंपाचा एक झोत १०० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे दोन झोत घेतले तरी २०० मायक्रोग्रॅम. ही मात्रा त्या गोळीच्या विसाव्या हिश्शाएवढी झाली! गोळी पोटात जाते, रक्तात मिसळते, सर्व शरीरभर फिरते आणि मग तिचा थोडासा अंश श्वासनलिकेपर्यंत पोहोचतो. वाटेत ती हात थरथरविते, छातीत धडधड करविते. पंपाचे औषध थेट हव्या त्या जागी जाते, म्हणून थोडे पुरते आणि लवकर लागू पडते. तरीही आपल्याकडे गोळी ‘साधी’ आणि पंप ‘जहाल’ समजला जातो, हा केवढा उलटा न्याय!

स्टिरॉइडचेही तसेच आहे. ‘स्टिरॉइड’ हा शब्द ऐकताच आज लोक दचकतात. करोनाच्या साथीत, २०२१ साली काळ्या बुरशीच्या आजाराच्या बातम्यांनी ही भीती आणखी वाढली. ही भीती अगदी निराधार नाही. गोळ्या-इंजेक्शनांतून स्टिरॉइड वारंवार आणि दीर्घकाळ घेतले तर रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर होतो. पण झटक्याच्या वेळी प्रौढाला दिली जाणारी प्रेडनिसोलोनची एका दिवसाची मात्रा साधारण ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम असते. पंपातून ब्युडेसोनाइड रोज ४०० मायक्रोग्रॅम घेतले, तर एवढ्या वजनाचे औषध पोटात जायला शंभर दिवस लागतील. दोन्ही औषधांची तीव्रता वेगळी असल्याने ही तुलना काटेकोर नाही; पण दिशा अचूक दाखविते. जो स्टिरॉइडच्या भीतीने पंप टाळतो, त्याच्या शरीरात झटक्यांच्या निमित्ताने कितीतरी अधिक स्टिरॉइड जाते.

थिओफायलिनची गोष्ट याहून नाजूक आहे. हे औषध स्वस्त आहे, जुने आहे आणि प्रत्येक औषध दुकानात मिळते. पण त्याच्या गुणकारी मात्रेत आणि विषारी मात्रेत अंतर फार थोडे आहे. रक्तातील पातळी वाढली तर मळमळ, हृदयाचे ठोके अनियमित होणे, क्वचित फेपरे येणे इथपर्यंत मजल जाते. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके सोबत दिली तर ही पातळी आपोआप चढते. रक्तातील पातळी मोजण्याची सोय ग्रामीण रुग्णालयात सहसा नसते. मग ‘गोळीने जीव घाबरा होतो’ म्हणून रुग्ण ती सोडून देतो आणि त्याची गणना ‘औषध न घेणाऱ्यांत’ होते.

प्रौढ रुग्णाचे वेगळे प्रश्न

लहान मुलाच्या दम्याकडे आई-वडिलांचे लक्ष असते. प्रौढ माणसाचा दमा मात्र दुर्लक्षित राहतो. तो कमावता असतो, एक दिवस रुग्णालयात घालविला तर मजुरी बुडते. शिवाय प्रौढाला एकच आजार असतो असेही नाही. त्याला मधुमेह असेल तर प्रत्येक स्टिरॉइड इंजेक्शनाबरोबर साखर उसळते. त्याचे गुडघे दुखत असतील तर त्याच खिडकीवर त्याला डायक्लोफेनॅक मिळते, आणि काही प्रौढ दमेकऱ्यांना अशा वेदनाशामकांनी वा अ‍ॅस्पिरिनने तीव्र झटका येऊ शकतो. प्रोप्रॅनोलॉलसारखी रक्तदाबावरची आणि अर्धशिशीवरची औषधे दमेकऱ्याला घातक ठरू शकतात. काचबिंदूवरचे टिमोलॉलचे थेंबही त्याच गटातले. म्हणून ‘दमा आहे’ हे केसपेपरच्या माथ्यावर ठळक लिहिलेले असणे हाच मुळात उपचाराचा भाग आहे.

स्त्रियांची स्थिती अधिक बिकट. चुलीच्या धुराने छाती भरली तरी ते बाईच्या जन्माचे भोग मानले जातात. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने लाखो घरांत गॅस पोहोचविला, हे मोठेच काम झाले. तरी सिलिंडर संपला की चूल पुन्हा पेटते. गर्भवती स्त्रीचा पंप ‘बाळाला अपाय होईल’ या भीतीने बंद केला जातो. वस्तुतः अपाय होतो तो आईचा श्वास कोंडल्याने. ब्युडेसोनाइडसारखी श्वासावाटे घ्यायची औषधे गरोदरपणात चालू ठेवावीत, असाच वैद्यकशास्त्राचा सल्ला आहे.

दोष कोणाचा?

हे सारे ऐकून ग्रामीण भागातील डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. ज्याच्यासमोर एका सकाळी शंभर रुग्ण उभे आहेत, त्याने प्रत्येकाला पंप कसा ओढायचा हे दहा मिनिटे शिकवावे कसे? दमा, धूम्रपानाने वा धुराने होणारा ‘सीओपीडी’ आणि क्षय, तिघांतही खोकला आणि धाप. त्यांतला भेद करायला श्वासाची क्षमता मोजावी लागते. त्यासाठीचे पीक फ्लो मीटर हे साधे, बिनविजेचे उपकरणही कित्येक ठिकाणी टेबलावर नसते.

औषधांच्या याद्यांत उणीव आहे असेही नाही. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत ब्युडेसोनाइडचा पंप आहे, ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचाही आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. पण यादीत असणे वेगळे आणि गावच्या औषध खिडकीवर, बाराही महिने, हातात मिळणे वेगळे. आज पंप मिळाला आणि पुढच्या महिन्यात संपला, तर नियंत्रणाचे औषध नियंत्रण करूच शकत नाही. आणि खिडकीवर जे नाही ते लिहून काय उपयोग, म्हणून डॉक्टर हळूहळू ते लिहिणेच सोडून देतो. सवय अशी लागते.

मुळातली चूक दृष्टिकोनात आहे. आपली व्यवस्था दम्याकडे ताप-जुलाबासारखा येऊन जाणारा आजार म्हणून पाहते. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णाची आता नोंदवहीत नोंद होते, त्याला महिन्याच्या गोळ्या मिळतात. क्षयरुग्ण औषधाला आला नाही तर कार्यकर्ती त्याच्या घरी जाते. दम्याचा रुग्ण मात्र दर वेळी ‘नवा’ असतो. असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला तेव्हा त्यात मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग होते. दीर्घकालीन श्वसनविकारांचा क्रमांक नंतर लागला. ही उणीव आता भरून निघाली पाहिजे.

‘याप्य’ ही आपलीच संकल्पना

येथे आपल्या परंपरेतील एका शब्दाचे स्मरण उचित ठरेल. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार वर्णिले आहेत. त्यांपैकी ‘तमकश्वास’ हा आजच्या दम्याशी जुळणारा. चरकाचार्यांनी तो ‘याप्य’ मानला आहे. नुकताच उद्भवला असेल तर तो साध्य होऊ शकतो, असेही सांगितले आहे. याप्य म्हणजे जो समूळ जात नाही, पण पथ्य आणि औषध चालू असेपर्यंत आटोक्यात राहतो असा आजार. आधार काढून घेतला की डोलारा कोसळतो, तसा औषध थांबताच तो उसळतो. नियंत्रणाचे औषध रोज घ्यायचे, हे तत्त्व आपल्याला परके नाही. ते आपण विसरलो आहोत एवढेच.

औषध श्वासावाटे घेणे हेही परके नाही. आयुर्वेदात औषधी धूमपान सांगितले आहे. १८०२ च्या सुमारास मद्रासमधून धोत्र्याचा धूर दम्यावर घेण्याची रीत ब्रिटनमध्ये गेली, आणि आज वाफेत घातले जाणारे इप्राट्रोपियम हे औषध धोत्र्यातील द्रव्यांच्याच कुळातले आहे. अर्थात धोत्रा विषारी आहे. त्याचा घरगुती प्रयोग कोणी करू नये. सांगायचे ते इतकेच की ‘पंप म्हणजे परक्यांचे काहीतरी’ या समजुतीला आधार नाही. कोजागरीच्या खिरीतून किंवा मृग नक्षत्रावर हैदराबादच्या माशातून औषध घेणाऱ्यांच्या श्रद्धेचा उपहास करण्याचे कारण नाही. मात्र त्यासाठी पंप बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे, हे स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे. प्राणायामाने श्वासाला शिस्त लागते, मन शांत होते. तो औषधाच्या जोडीला असावा, औषधाच्या जागी नव्हे.

करता येण्यासारखे

हे बदलता येते का? फिनलंडने १९९४ साली दहा वर्षांचा राष्ट्रीय दमा कार्यक्रम हाती घेतला. दाहशामक पंप आजाराच्या प्रारंभीच द्यायचा, गावपातळीवरचे डॉक्टर, परिचारिका आणि औषधविक्रेते यांना प्रशिक्षण द्यायचे आणि रुग्णाला स्वतःचा आजार सांभाळायला शिकवायचे, ही त्याची सूत्रे होती. दहा वर्षांत दम्यापायी रुग्णालयात जाणारे दिवस निम्म्याहून अधिक घटले. फिनलंड श्रीमंत देश आहे हे खरे; पण ही सूत्रे महागडी नाहीत.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दम्याच्या रुग्णांची नोंदवही असावी. झटका उतरून घरी जाणाऱ्या प्रत्येक प्रौढाच्या हाती दाहशामक पंप असावा आणि आठवड्याच्या आत त्याला पुन्हा बोलवावे. पंप ओढण्याचे शिक्षण डॉक्टरांनीच द्यावे असे नाही. परिचारिका वा औषधनिर्माता ते उत्तम देऊ शकतात. पंप हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, पंप दाबतानाच सावकाश खोल श्वास आत घ्यावा, दहा आकडे मोजेपर्यंत रोखावा आणि स्टिरॉइडच्या पंपानंतर खळखळून चूळ भरावी. इतके पाच-सहा वेळा करवून घेतले की हात बसतो. ज्यांना दाबणे आणि ओढणे एकाच वेळी जमत नाही, त्यांच्यासाठी स्पेसर आहे. तोही नसेल तर? दक्षिण आफ्रिकेतील एका अभ्यासात, १९९९ साली, पाचशे मिलिलिटरच्या प्लॅस्टिक बाटलीचा स्पेसर मुलांमध्ये विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला होता.

सेवाभावी कार्यकर्त्यांसाठीही येथे काम आहे. आपण आरोग्य शिबिरे घेतो, आठ दिवसांच्या गोळ्या वाटतो, छायाचित्रे निघतात आणि मांडव उतरतो. दम्यासाठी असे एक दिवसाचे शिबिर पुरत नाही. त्याऐवजी एका गावातील दहा रुग्ण वर्षभर सांभाळावेत. त्यांना जवळच्या जनऔषधी केंद्राचा पत्ता द्यावा, महिन्यातून एकदा पंप संपला का ते पाहावे, ओढण्याची रीत तपासावी, डॉक्टरांकडे जाताना जुना केसपेपर सोबत आहे ना याची खात्री करावी.

आणि घरच्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. साल्ब्युटामॉलचे तीन किंवा अधिक पंप एका वर्षात संपत असतील, तर आजार आटोक्यात नाही, असे समजून डॉक्टरांना ते सांगावे. बरे वाटले म्हणून नियंत्रणाचा पंप आपल्या मनाने थांबवू नये. आणि रुग्णाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील, किंवा तो सुस्त होऊ लागला असेल, तर सकाळची वाट न पाहता, पंप देत देत, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

घरातील उपवर मुलीचा पंप लोकांपासून लपविला जातो, कमावता मुलगा मित्रांसमोर तो काढायला लाजतो. चष्मा लावायला कोणी लाजत नाही. पंपाचेही तसेच व्हायला हवे. ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांना पुढच्या वेळी एवढेच नम्रपणे विचारावे, ‘डॉक्टरसाहेब, झटका तर उतरला, तो पुन्हा येऊ नये म्हणून कोणते औषध द्याल?’ हा प्रश्न गावोगावी, रांगेतल्या प्रत्येक दमेकऱ्याने विचारायला सुरुवात केली, तर औषधाच्या खिडकीवर पंप यायला फार वेळ लागणार नाही.